सागरी संकटसूचकाची बॅटरी बदलणे

सागरी संकटसूचक म्हणजे जहाज किंवा मासेमारी नौका बुडू लागल्यास, तिला आग लागल्यास अथवा ती भरकटल्यास उपग्रहामार्फत मदतीची हाक पोचवणारे लहान प्रक्षेपक यंत्र होय. मोठ्या जहाजांवर ते ईपीआयआरबी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या नौकांवर ‘डॅट’ (डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर) हे भारतीय उपकरण आढळते. जहाज बुडताना त्याची वीज सर्वांत आधी जाते, म्हणून या यंत्राची सारी मदार स्वतःच्या बॅटरीवर असते. ती ठरलेल्या मुदतीत बदलणे हा त्याच्या देखभालीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

बॅटरीचे स्वरूप

ईपीआयआरबीमध्ये लिथियमचे, पुन्हा भारित न होणारे घट असतात. त्यांच्याकडून अपेक्षा विलक्षण असते : वर्षानुवर्षे निष्क्रिय पडून राहायचे आणि वेळ येताच सलग किमान ४८ तास काम करायचे. तेही उणे २० अंश सेल्सिअस तापमानात, आणि वरच्या वर्गाच्या यंत्रात उणे ४० अंशांत. अरबी समुद्रात असा गारठा कधी पडत नाही. परंतु मानक साऱ्या जगासाठी एकच आहे. यंत्र साधारण दर ५० सेकंदांनी सुमारे अर्धा सेकंद, ५ वॅट शक्तीने, ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवते. याशिवाय जवळ आलेल्या शोधपथकासाठी १२१.५ मेगाहर्ट्झचा संकेत आणि लुकलुकणारा दिवा चालू असतो. प्रत्येक प्रक्षेपणाला क्षणभर मोठा विद्युतप्रवाह लागतो. साध्या घटांना तो थंडीत पुरवता येत नाही.

मुदत का पाळावी लागते

लिथियम घटाचा विद्युतदाब जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे दाब मोजून शिल्लक ऊर्जेचा नीट अंदाज येत नाही. यंत्राच्या स्वयंचाचणीत हिरवा दिवा लागला, तरी ते ४८ तास चालेल अशी हमी मिळत नाही. म्हणूनच आवरणावर छापलेली बदलाची तारीख निर्णायक ठरते. प्रतिकृतीनुसार ही मुदत बहुधा ५ किंवा १० वर्षांची असते. यंत्र खऱ्या संकटात वापरले गेले, किंवा चुकून काही काळ चालू राहिले, तर तारीख उरलेली असूनही बॅटरी बदलावी लागते. स्वयंचाचणीतही थोडी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे ती निर्मात्याने सांगितली असेल त्याहून अधिक वेळा करू नये.

यंत्राला जोडलेल्या जलदाब-मोचकाची तारीख वेगळी असते, आणि या दोन तारखांची गल्लत नेहमी होते. जहाज बुडताना १.५ ते ४ मीटर खोलीवर यंत्राला मोकळे करणारा हा भाग साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलतात.

बदलण्याची पद्धत

बहुतेक प्रतिकृतींत हे काम निर्मात्याने मान्यता दिलेल्या सेवाकेंद्रातच होते. काही थोड्या यंत्रांत मात्र वापरकर्त्याला बॅटरीसंच बदलता येतो. सेवाकेंद्रात बॅटरीबरोबर जलरोधक रबरी कडेही नवे बसवतात, आवरणात पाणी शिरत नाही ना हे तपासतात, प्रक्षेपणाची वारंवारता व शक्ती मोजतात आणि यंत्रात नोंदलेला १५ अक्षरांचा ओळखक्रमांक पडताळतात. नंतर आवरणावर नवी तारीख चिकटवली जाते. चाचणीचे प्रक्षेपण उपग्रहापर्यंत जाऊ नये म्हणून ते काम संकेतरोधक पेटीत करतात. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ३०० टन व त्याहून अधिक क्षमतेच्या मालवाहू जहाजांवरील संकटसूचकांची दरवर्षी चाचणी आणि किमान दर पाच वर्षांनी किनाऱ्यावरील देखभाल आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे.

बाजारातून दिसायला सारखे घट आणून डाखणे स्वस्त पडते, पण ते धोक्याचे आहे. सांध्यातून खारे पाणी शिरले की यंत्र निकामी होते, आणि जादा उष्णता लागलेला लिथियम घट पेट घेऊ शकतो.

भारतातील यंत्रणा

ईपीआयआरबीचे संदेश कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रहजाळ्यातून येतात. भारतीय यंत्रांच्या संदेशात ४१९ हा देशक्रमांक असतो. बंगळुरू आणि लखनौ येथे ग्रहणकेंद्रे असून बंगळुरूचे भारतीय मोहीम नियंत्रण केंद्र ही सूचना तटरक्षक दलाच्या मुंबईसारख्या बचाव समन्वय केंद्रांना कळवते. यंत्र चुकून चालू झाल्यास ते नुसते बंद करून गप्प बसणे योग्य नाही. तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावे, म्हणजे शोधकार्य विनाकारण सुरू होत नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या फयान वादळात कोकणातील अनेक मच्छीमार बेपत्ता झाले. २०१० पासून इस्रोने विकसित केलेले डॅट वापरात आले. आग, नौका बुडणे, माणूस पाण्यात पडणे, वैद्यकीय मदत अशा संकटांची सूचना ते भारतीय उपग्रहामार्फत देते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात संदेश पोचल्याची पावती नौकेवर मिळते. ती पावती पाहण्यासाठीही बॅटरी शाबूत असावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात, इंजिने उघडली जातात. संकटसूचकाची तारीख पाहण्यास तांडेलाला याहून सोयीचा काळ नाही. नारळी पौर्णिमेनंतर नौकांची लगबग सुरू झाली की यंत्र सेवाकेंद्रात ठेवायला कोणी तयार नसते.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

काढलेली बॅटरी भंगारात टाकू नये. तिची टोके चिकटपट्टीने झाकून ती निर्मात्याकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रकाकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. संपूर्ण यंत्रच निकाली काढायचे असेल, तर आधी बॅटरी विलग करून त्याची नोंदणी रद्द करावी लागते. बॅटरीसह भंगारात गेलेले यंत्र ओले होऊन हाक देऊ लागले, तर कचऱ्याच्या ढिगाऱ्यावरही शोधपथक येऊन धडकते.