पूर, दरड, वीज: संकट येण्याआधीच्या तयारीसाठी सरकारी निधी कुठून मिळतो? अर्ज कसा करायचा?

घरात पाणी शिरलं की पंचनामा होतो आणि मदत मिळते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पाणी शिरूच नये किंवा शिरलं तरी जीव जाऊ नये, यासाठीही सरकारी तिजोरीत वेगळा पैसा ठेवलेला असतो. हा पैसा मागायचा कुणाकडे आणि कसा, हे माहीत नसल्यामुळे अनेक गावं आणि वस्त्या मागे राहतात.

नुकसानभरपाई आणि तयारीचा निधी यात फरक काय?

घर पडलं, पीक गेलं किंवा जनावर दगावलं तर जी मदत मिळते, ती आपत्तीनंतरची. ती ठरलेल्या निकषांनुसार थेट बाधित व्यक्तीला मिळते.

तयारीचा निधी मात्र आपत्तीआधीचा. त्यात इशारा देणारी यंत्रणा, बचाव साहित्य, प्रशिक्षण, दरडीच्या उतारावरची छोटी कामं अशा गोष्टी येतात. हा निधी कुणाच्या वैयक्तिक खात्यात जमा होत नाही. तो जिल्हा प्रशासन, महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा एखाद्या सरकारी विभागामार्फत खर्च होतो. त्यामुळे नागरिकाने करायचं काम म्हणजे आपल्या भागाची गरज योग्य कार्यालयात, लेखी आणि वेळेत पोहोचवणं.

हा पैसा येतो कुठून?

याचा पाया आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ हा आहे. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सर्व राज्यांना मिळून सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपयांचा आपत्ती निधी सुचवला होता. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा.

त्या निधीतल्या प्रत्येक १०० रुपयांची विभागणी अशी होती:

- ४० रुपये: तातडीचा प्रतिसाद आणि मदत
- ३० रुपये: पुनर्उभारणी
- १० रुपये: पूर्वतयारी आणि क्षमताबांधणी
- २० रुपये: धोका कमी करण्याची कामं, म्हणजे राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी

याशिवाय राष्ट्रीय पातळीवर वेगळा निधी आहे. शहरी पुराचा धोका कमी करण्यासाठी आयोगाने त्यातून मुंबईसाठी ५०० कोटी आणि पुण्यासाठी २५० कोटी रुपये सुचवले होते.

एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षं १६व्या वित्त आयोगाची आहेत. त्यामुळे प्रस्ताव देण्याआधी मदत व पुनर्वसन विभागाचे ताजे शासन निर्णय पाहून घ्यावेत.

कोणती कामं बसतात, कोणती नाहीत?

इथेच बरेच प्रस्ताव अडतात. सौम्यीकरण निधी स्थानिक पातळीवरच्या, लोकसहभागातून होणाऱ्या कामांसाठी असावा, असं १५व्या वित्त आयोगाने म्हटलं होतं. समुद्राची मोठी संरक्षक भिंत किंवा नदीचा मोठा पूरबंधारा अशी कामं नियमित विकास योजनांतून करावीत, अशी त्याची भूमिका होती.

"गावाला संरक्षक भिंत द्या" एवढ्या एका ओळीच्या अर्जाला म्हणूनच फारसं वजन राहत नाही. धोका नेमका कुठे आहे, किती घरांना आहे आणि कोणत्या कामाने तो कमी होईल, हे अर्जात दिसायला हवं.

सुरुवात कुठून करायची?

१. जिल्ह्याचा आराखडा वाचा. प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो आणि त्याचा दरवर्षी आढावा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तो शोधा. दरडप्रवण किंवा पूरप्रवण गावांच्या यादीत आपलं गाव आहे का, ते पाहा. नसेल तर पहिली मागणी तीच करा.

२. ग्रामसभेचा ठराव घ्या. धोका, बाधित घरांची संख्या आणि मागणी ठरावात स्पष्ट लिहा. शहरात हेच काम नगरसेवक, प्रभाग कार्यालय आणि सोसायटीच्या लेखी पत्रातून होऊ शकतं.

३. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तहसीलदारांनाही प्रत द्या. दोन्हीकडून तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या.

४. पाठपुरावा करा. मोठे प्रस्ताव जिल्ह्याकडून राज्याकडे जातात. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य कार्यकारी समिती असते. प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारत राहा.

प्रस्तावासोबत काय जोडायचं?

- ठिकाणाचा नकाशा आणि फोटो
- आधीच्या घटनांच्या तारखा, पंचनाम्याच्या प्रती
- धोक्यातली घरं, तिथले वृद्ध, दिव्यांग आणि लहान मुलं यांची संख्या
- बांधकाम असेल तर संबंधित विभागाच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक
- पुढे देखभाल कोण करणार, याची लेखी हमी

शेवटचा मुद्दा अनेकदा सुटतो. भोंगा बसवला पण त्याची बॅटरी बदलायची कुणी हे ठरलं नाही, तर ऐन वेळी तो वाजत नाही.

मोठा निधी मिळेपर्यंत काय?

ग्रामपंचायतीचा स्वतःचा मार्गही आहे. १५व्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, तर ४० टक्के अबंधित म्हणजे स्थानिक गरजेनुसार वापरण्यासाठी होता. पण त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. आराखड्याची चर्चा ग्रामसभेत होते, तेव्हाच विषय मांडा. आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर कुणालाही पाहता येतो.

जिल्हा नियोजन समिती आणि आमदार स्थानिक विकास निधी हेही पर्याय आहेत. तिथेही मागणी लेखीच द्यावी.

पैशांइतकीच गरज प्रशिक्षित हातांची असते. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत १८ ते ४० वयोगटातल्या स्वयंसेवकांना बचावकार्याचं प्रशिक्षण आणि साहित्याचं किट दिलं जातं. आपल्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारता येईल.

उत्तरच आलं नाही तर?

१० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. "माझ्या प्रस्तावाचं काय झालं" असं मोघम विचारू नका. पोचवरचा क्रमांक आणि तारीख देऊन प्रस्तावावरच्या टिप्पणीची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. नाही मिळालं तर प्रथम अपील करता येतं.

लिंकवर क्लिक करण्याआधी

"आपत्ती अनुदानासाठी नोंदणी करा, प्रोसेसिंग फी भरा" असा मेसेज आला तर थांबा. तयारीचा निधी अशा नोंदणीतून वाटला जात नाही. आधार क्रमांक, बँक तपशील किंवा ओटीपी देऊ नका. शंका असेल तर तहसील कार्यालयात खात्री करा आणि खात्री होईपर्यंत मेसेज पुढे पाठवू नका.

आपत्तीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा. प्रस्ताव मात्र पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर हिवाळ्यातच द्या. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांत महिने जातात आणि पाऊस काही फाईलसाठी थांबत नाही.