पित्त, शिंका आणि झोप

अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो, पित्त उठले. आणि जेवणानंतर घशाशी आंबट आले तरी म्हणतो, पित्त झाले. आयुर्वेदाने पहिल्यास शीतपित्त व दुसऱ्यास अम्लपित्त म्हटले. घरात मात्र दोन्ही पित्तच. एवढ्यावरून हिस्टामिन आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही. परंतु विसाव्या शतकात त्वचेवरील खाज आणि जठरातील आम्ल या दोहोंत एकाच द्रव्याचा हात आढळला, हे खरे. त्या द्रव्याला अडविण्याचा इतिहास येथे थोडक्यात पाहू.

हिस्टामिन प्रथम १९०७ साली जर्मनीत विंडाउस व फोग्ट यांनी प्रयोगशाळेत तयार केले. १९१० साली लंडनमध्ये हेन्री डेल व लेडलॉ यांनी ते प्राण्यांना टोचून पाहिले. रक्तदाब घसरला, श्वासनलिका आवळल्या. वावड्या पदार्थाने प्राणी एकाएकी कासावीस होतो, तशीच ही लक्षणे होती. त्या वावडेपणाला ‘ॲलर्जी’ हे नाव व्हिएन्नाच्या फोन पिर्के यांनी १९०६ सालीच दिले होते. पुढे १९२७ साली डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामिन ताज्या फुप्फुसांतून व यकृतातून वेगळे काढले, आणि ते शरीराचेच द्रव्य असल्याचे ठरले.

आपल्या त्वचेत आणि नाकाच्या अस्तरात मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन कणांच्या रूपाने साठलेले असते. ज्याला परागकणांचे किंवा धुळीचे वावडे आहे, त्याच्या शरीरात तो कण शिरताच या पेशी आपला साठा बाहेर टाकतात. बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात, म्हणून गांधी उठते व नाक वाहते. मज्जातंतू चेतवले जातात, म्हणून खाज सुटते व शिंका येतात. हिस्टामिन ही जणू किल्ली, आणि पेशींवर तिची कुलुपे असतात. त्या कुलपात दुसरेच काही आधी बसवून ते बंद ठेवावे, ही हिस्टामिनविरोधी औषधामागील कल्पना.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बोव्हे व श्रीमती स्टाउब यांनी १९३७ साली असे द्रव्य दाखविले. त्याने गिनीपिग वाचले, पण माणसाला देण्याइतके ते निर्धोक नव्हते. १९४२ साली फ्रान्समध्येच हाल्पर्न यांनी अँटरगॅन हे माणसांना देण्याजोगे औषध पुढे आणले. अमेरिकेत रीव्हशल यांनी शोधलेले डायफेनहायड्रामिन १९४६ साली डॉक्टरांच्या हाती आले. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शिंका थांबल्या; पण रोगी पेंगू लागला. कारण पुढे उलगडले. हिस्टामिन मेंदूतही असते, आणि तेथे त्याचे काम आपल्याला जागे ठेवण्याचे. औषध मेंदूत शिरून ती कुलपेही बंद करी. तात्पर्य, हिस्टामिन हा शत्रू नव्हे. तो अनेक ठिकाणी राबणारा घरचा नोकर आहे. त्याला अडवावे की नाही, एवढाच प्रश्न नव्हता. कोठे अडवावे, हा खरा प्रश्न होता.

जठरानेही हाच धडा दिला. हिस्टामिनने जठरात आम्ल सुटते, पण या औषधांनी ते आम्ल थांबेना. अर्थात तेथले कुलूप वेगळे असले पाहिजे. ते बंद करणारे द्रव्य जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली जाहीर केले. त्यातूनच सिमेटिडिन निघाले, आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता. म्हणून अंगावरच्या पित्ताची गोळी घशाशी येणाऱ्या पित्ताला लागू पडत नाही.

मेंदूत फारसे न शिरणारे टर्फेनाडिन अमेरिकेत १९८५ साली आले. झोपेचा प्रश्न सुटलासा वाटला. परंतु यकृत या औषधाचे दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करी, आणि काही प्रतिजैविके वा बुरशीनाशके सोबत घेतली की ते काम अडे. मूळ औषध रक्तात साठून हृदयाची लय बिघडवी. त्यात मृत्यूही घडले. १९९८ साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. गंमत अशी की यकृत जे द्रव्य बनवीत होते, तेच फेक्सोफेनाडिन या नावाने निर्धोक औषध ठरले. आपल्या परिचयाचे सेटिरिझिनही असेच, हायड्रॉक्सिझिन या जुन्या औषधापासून शरीरात बनणारे द्रव्य आहे. त्याने झोप कमी येते. मुळीच येत नाही, असे मात्र नव्हे.

या इतिहासातून आपण दोन गोष्टी घरी न्याव्या. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन यांसारखी जुनी औषधे आजही सर्दीच्या गोळ्यांत व घरच्या डब्यात असतात. ती घेऊन वाहन चालवू नये, आणि मद्याबरोबर तर घेऊच नयेत. दुसरी गोष्ट प्राणांची. वावडे सोसण्यापलीकडे जाऊन घसा सुजला, श्वास कोंडला, भोवळ आली, तर या गोळीवर विसंबू नये. अशा वेळी हिस्टामिनबरोबर इतरही द्रव्ये सुटलेली असतात आणि रक्तदाब कोसळत असतो. एक कुलूप बंद करून भागत नाही. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन व रुग्णालय, तेही तत्काळ, हाच उपाय. गोळीचे सामर्थ्य मोठे आहे, पण ते कोठे संपते हे ज्याला कळले, त्यानेच तिचा खरा उपयोग केला असे आम्ही समजतो.