दवाखान्यातून रंगमंचावर : डॉ. काशिनाथ घाणेकर

२ मार्च १९८६ रोजी डॉ. काशिनाथ घाणेकर गेले, तेव्हा ते नाटकाच्या दौऱ्यावर होते आणि गाव होतं अमरावती. हृदयविकाराचा झटका आला आणि कोकणातल्या चिपळूणहून निघालेल्या या माणसाचा प्रवास आपल्या वऱ्हाडात संपला. आपलं कारंजा नागपूर-अमरावती रस्त्यावर साधारण मधोमध आहे. नागपूरचा प्रयोग आटोपून अमरावती, अकोल्याकडे निघालेल्या नाटक कंपनीच्या गाड्यांचा रस्ता हाच. आपल्यापैकी जे तेव्हा शाळेत होते, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी घाणेकरांचं नाटक पाहण्यासाठी नागपूर किंवा अमरावती गाठलेली असेल. म्हणून स्मरणिकेत लिहायला सांगितलं तेव्हा हाच विषय घ्यावासा वाटला. आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

घाणेकर दातांचे डॉक्टर होते. नावामागचं 'डॉक्टर' शोभेचं नव्हतं. दंतवैद्यकाचं रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. त्या काळी दंतवैद्य फार नव्हते. लहान गावांत तर दात दुखला की लवंग दाबून धरायची, नाहीच थांबलं तर कुणाकडून तरी उपटून घ्यायचा, एवढाच उपाय. अशा काळात मुंबईत दंतवैद्य असणं म्हणजे आयुष्याची ददात मिटणं. आईवडिलांनी समाधानाने डोळे मिटावेत, अशी ती पदवी.

पण नाटकाचं वेड होतं. आधी हौस म्हणून, मग व्यवसाय म्हणून ते रंगभूमीवर आले आणि १९६२ मध्ये वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' त्यांच्या वाट्याला आलं. गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक रंगभूमीवर आणलं. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज आणि घाणेकर संभाजी. त्याआधी दोनच वर्षं, १९६० मध्ये, वा. सी. बेंद्रे यांचं संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध झालं होतं. अनेक वर्षं कागदपत्रं धुंडाळून बेंद्र्यांनी या राजाविषयीचे जुने गैरसमज खोडून काढले. अभ्यासकांच्या जगात जे चाललं होतं, ते सामान्य प्रेक्षकाच्या काळजाला भिडलं ते मात्र नाटकामुळे. बाप आणि मुलगा, दोघेही मोठे, एकमेकांवर जीव टाकणारे आणि तरीही एकमेकांना न उमगणारे, असं ते दुःख होतं. घाणेकरांचा रागीट, दुखावलेला, राजबिंडा संभाजी लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे 'इथे ओशाळला मृत्यू' मध्येही त्यांनी संभाजी केला.

१९६६ मध्ये आलं 'अश्रूंची झाली फुले'. लेखक पुन्हा कानेटकर. शाळेच्या मेळाव्यात याच नाटकाची आठवण सर्वांत जास्त व्हायला हवी, कारण ती एका शिक्षकाची आणि एका वाया गेलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट आहे. प्रा. विद्यानंद तत्त्वाचे पक्के. प्रभाकर पणशीकर ती भूमिका करीत. लाल्या हा कॉलेजातला उनाड, गुंड मुलगा म्हणजे घाणेकर. सरांवर बालंट येतं, त्यांना तुरुंगात जावं लागतं आणि ते कडवट होऊन बाहेर पडतात. इकडे लाल्या सुधारतो, पोलीस अधिकारी होतो आणि आडवाटेला लागलेल्या आपल्या सरांसमोर उभा राहतो. वर्गात पेरलेलं कुठे आणि कसं उगवेल, याचा नेम नसतो. आपल्या शिक्षकांना हे सांगायची गरज नाही. या नाटकावरून १९६९ मध्ये 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपटही निघाला.

घाणेकरांचा लाल्या पाहायला तरुण पोरं पुन्हा पुन्हा येत. नुसत्या एंट्रीला टाळ्या आणि शिट्ट्या पडत. जाहिरातीत आणि नाट्यगृहातल्या घोषणेत सगळ्या नटांची नावं झाल्यावर शेवटी यायचं, 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. त्या 'आणि'साठी लोक थांबलेले असत. २०१८ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्याचं नावच हे ठेवलं. त्यात सुबोध भावे यांनी ती भूमिका केली. स्वतः घाणेकरही पडद्यावर चमकले. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४चा. त्यावरूनच पुढे हिंदीत 'मेरा साया' आला. मग 'मधुचंद्र', 'एकटी', आणि १९७६चा 'हा खेळ सावल्यांचा'.

हे सगळं टीव्हीच्या आधीचं. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, पण आपल्याकडे टीव्हीचं वारं शिरलं ते १९८२च्या आशियाई खेळांनंतर. तोवर नट पाहायचा तर त्याने गावोगाव यावं लागे. रात्रीचा प्रयोग, पहाटेपर्यंत प्रवास, दुपारी थोडी झोप, पुन्हा तोंडाला रंग. पैसा मिळायचा तो 'नाईट'वर, म्हणजे जितके प्रयोग तितके पैसे.

आता दंतवैद्याचं काम आठवा. तापाच्या रुग्णाला गोळ्या देऊन चार दिवसांनी या म्हणता येतं. दाताचं तसं नाही. आज कोरायचा, परवा औषध भरायचं, आठवड्याने कायमचं बुजवायचं. डॉक्टर ठरल्या वेळी खुर्चीपाशी हजर हवाच. महिन्यातले अर्धे दिवस दौऱ्यावर असलेल्या माणसाला हे जमणं कठीण. दोन्ही कामं पूर्ण माणूस मागत होती. घाणेकरांच्या बाबतीत रंगमंच जिंकला, दवाखाना मागे पडला.

आणि जिंकलेल्या रंगमंचाने किंमतही वसूल केली. त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर यांनी 'नाथ हा माझा' या पुस्तकात हे सारं प्रेमाने, पण काही न झाकता लिहिलं आहे. लहरीपणा, दारू, लोकप्रियतेची चटक आणि ती ओसरू लागल्यावरची घुसमट, सगळं त्यात आहे. त्याच काळात कान-नाक-घशाचे डॉक्टर श्रीराम लागू यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी भारतात आणि आफ्रिकेत डॉक्टरी केली, नाटक हौसेने चालू ठेवलं आणि १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, विचार करून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. वेड दोघांचं सारखंच होतं. एकाने त्याला शिस्तीचं कुंपण घातलं, दुसऱ्याने घातलं नाही. प्रेक्षकांनी दोघांवरही जीव लावला, पण त्यातला एक ऐन उमेदीतच निघून गेला.

पुढे ही वाट मळली. नागपूरचे डॉ. गिरीश ओक नाटक-मालिकांत स्थिरावले. डॉ. नीलेश साबळे यांनी महाराष्ट्राला हसवलं. आणि एम.बी.बी.एस. झालेल्या डॉ. अमोल कोल्हे यांनी २०१७ ते २०२० या काळात 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेत तीच भूमिका केली, जी १९६२ मध्ये एका दंतवैद्याने गाजवली होती. फरक एवढाच की हा संभाजी कारंज्याच्या घराघरांत रोज रात्री आपण होऊन आला.

सुरुवातीला म्हटलेलं दुसरं कारण हे. आपल्या पिढीत हुशार मुलाने डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं, हे ठरलेलं असे. गॅदरिंगमध्ये नाटक केलं तर कौतुक व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी 'आता पुरे, दहावीकडे बघा' हेही ऐकावं लागायचं. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. शेतीच्या भरवशावर असलेल्या घरांना पोटाची खात्री हवीच असते. घाणेकरांनीसुद्धा आधी पदवीच घेतली. पण तेवढ्यावर थांबले असते, तर संभाजी आणि लाल्या झालेच नसते. आणि स्वतःला थोडं सांभाळलं असतं, तर १९८६ नंतरही ते आपल्याला दिसले असते.

आज आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं डॉक्टर होतायत आणि सोबत गातायत, नाचतायत, मोबाइलवर स्वयंपाक करून दाखवतायत. त्यांना घाणेकरांची गोष्ट अर्धीच सांगू नये. टाळ्याही सांगाव्या आणि अमरावतीही सांगावी. ठाण्यात महापालिकेच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. त्या नावात 'डॉक्टर' अजून कायम आहे, हे मला फार आवडतं.