आधी फुंका, मग चावी फिरवा

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाला पुन्हा स्टिअरिंग धरायचे तर एक अट पाळावी लागते : गाडीत इग्निशन इंटरलॉक बसवायचा. डॅशबोर्डपाशी वायरीला जोडलेले, मुठीत मावेल असे हे यंत्र. त्यात फुंकायचे. श्वासात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल निघाले तर चावी कितीही फिरवा, स्टार्टरला करंट जात नाही. बसवण्याचा आणि भाड्याचा खर्च बहुधा गुन्हेगाराच्याच माथी.

या यंत्राचे कूळ शोधू लागले की आधी नाकाशी येऊन थांबावे लागते. तोंडाला वास येतो का, डोळे तांबारलेत का, सरळ चालता येते का, एवढाच पोलिसांचा आणि डॉक्टरांचा पुरावा असे. तो किती तकलादू होता हे मुंबईत दिसले. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर 1951 च्या मे महिन्यात कुलाब्यात एका जीपने तिघांना धडक दिली. चालकाच्या तोंडाला दारूचा वास होता. डॉक्टरांनी नोंदवले : डोळे लाल, बाहुल्या किंचित विस्फारलेल्या, पण बोलणे सुसंगत आणि सरळ रेषेत चालता येते. चालक म्हणाला, मी औषध घेतले होते, त्यात अल्कोहोल असते. त्याच वर्षी बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. त्यामुळे पोटात गेले ते औषध नव्हे, बंदी असलेली दारूच होती, हे सिद्ध करणे सरकारचे काम, असा निकाल 1954 मध्ये लागला आणि दारूबंदीच्या कलमातून चालक सुटला.

सरकारने यावर तोड काढली ती आकड्याची. 1959 च्या दुरुस्तीने कायद्यात आले की रक्तात 0.05 टक्के किंवा अधिक अल्कोहोल सापडले, तर ते औषधाचे होते हे आरोपीनेच दाखवायचे. म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम. गाडी नीट चालवता येते की नाही, याच्याशी या आकड्याला कर्तव्य नव्हते. विचारायचे होते ते एवढेच : प्यालास की नाही?

पुढच्याच वर्षी मुंबई राज्य दुभंगले. 1 मे 1960 रोजी ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची बरीच गावे गुजरातेत गेली. आज तलासरी तालुक्यात असलेली, समुद्रकाठची झाई अलीकडे राहिली. कायदा दोन्हीकडे तोच, 0.05 चे कलमही तेच. पण गुजरातने दारूबंदी घट्ट धरली, महाराष्ट्राने ती परवान्यांच्या वाटेने सैल केली. पलीकडे मागच्या सीटवर बसलेलाही प्यालेला सापडला तर गुन्हेगार. अलीकडे पोलीस मुख्यतः स्टिअरिंगवरच्या माणसाला गाठतात. त्यातून विचित्र गोष्ट घडते : पलीकडून कोणी प्यायला इकडे आला, तर परतीच्या वाटेवर तो हमखास रस्त्यावरच असणार.

रक्ताच्या आकड्याचे मूळ घराणे मात्र उत्तर युरोपातले. स्वीडनच्या एरिक विडमार्कने 1920 च्या दशकात रक्ताच्या थेंबांतून अल्कोहोल मोजण्याची रीत बसवली. नॉर्वेने 1936 मध्ये 0.05 टक्के ही मर्यादा थेट वाहतूक कायद्यात घातली. पण रस्त्यावर रक्त काढणार कोण? म्हणून श्वास. फुप्फुसाच्या तळाशी रक्त आणि हवा यांच्यात अल्कोहोलची देवघेव चालू असते. तिथल्या साधारण 2100 मिलिलिटर हवेत जेवढे अल्कोहोल, तेवढे 1 मिलिलिटर रक्तात, असे गुणोत्तर धरतात. नाक्यावरचा पोलीस ‘अजून फुंक, अजून फुंक’ म्हणतो ते याचसाठी. पहिली हवा तोंडातली असते, हवी असते ती तळातली.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या रोला हार्गरने फुग्यात श्वास भरून तो जांभळ्या परमँगनेटातून सोडला. रंग उडाला की अल्कोहोल. 1954 मध्ये त्याच राज्याच्या पोलीस दलातल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइनने पिवळे डायक्रोमेट आणि फोटोसेल जोडून ब्रेथलायझर बनवला. 1970 च्या दशकात फ्युएल सेल आला. प्लॅटिनमच्या पृष्ठावर अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून वीज निर्माण होते आणि त्या विजेवरून प्रमाण कळते. यंत्र हातात मावू लागले, म्हणून गाडीतही मावू लागले.

गाडी अडवण्याची कल्पना 1969 ची, बोर्ग-वॉर्नर कंपनीची. 1986 मध्ये कॅलिफोर्नियाने चार काउंट्यांत प्रयोग करण्याचा कायदा केला आणि इंटरलॉक न्यायालयाच्या हाती आला. मग पळवाटांशी झुंज सुरू झाली. कोणी फुग्यातली हवा सोडी, म्हणून यंत्र श्वासाची ऊब आणि दाब तपासू लागले. कोणी न प्यालेल्या मित्राला फुंकायला लावी, म्हणून धावत्या गाडीत मध्येच पुन्हा फुंकायला सांगतात, काही यंत्रांत फुंकणाऱ्याचा फोटोही निघतो. त्या दुसऱ्या फुंकरीत नापास झाला तरी इंजिन बंद पडत नाही; भर हायवेवर ते पाडणे जास्त घातक. नोंद होते, हॉर्न वाजतो, दिवे लुकलुकतात.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आधी रक्तातला थेंबभर अल्कोहोलही गुन्हा होता. 1994 च्या दुरुस्तीने मर्यादा 30 मिलिग्रॅमवर आली, म्हणजे दारूबंदीच्या आकड्याहूनही कडक. 2019 पासून पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तळीरामांची नाकाबंदी थर्टी फर्स्टला जोरात असते. इंटरलॉकची सक्ती मात्र नाही. त्याचा सख्खा भाऊ आहे तो रेल्वेत. घोलवड, उंबरगाव या स्थानकांवरून गाड्या नेणाऱ्या लोको पायलटला ड्युटीवर येताना लॉबीत आधी फुंकावे लागते. त्यात नापास झाला तर इंजिनाचा ताबा मिळत नाही.

रस्त्यावर हे आणायचे तर दोन अडचणी. आपल्याकडे बहुसंख्य वाहने दुचाकी, आणि यंत्राची घडण मोटारीची. दुसरी जास्त खोल. यंत्र बसलेले असेपर्यंत तोच गुन्हा पुन्हा होण्याचे प्रमाण घटते, काढले की परिणाम ओसरतो, असे परदेशातले अभ्यास सांगतात. म्हणून स्वीडनने 1999 पासूनच्या आपल्या योजनेत इंटरलॉकसोबत डॉक्टरी तपासणी जोडली. झाईच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, आपले कायदे अजून प्यालेल्याला पकडण्यातच गुंतलेले आहेत. इंटरलॉकचा धडा निराळा आहे : पिणे थांबवणे आणि गाडी थांबवणे ही दोन कामे आहेत. दुसरे यंत्रावर सोपवता येते, पहिले नाही.