मिशन-अध्ययन (यवतमाळ-आदिलाबाद सीमाप्रदेश)

ख्रिस्ती मिशनकार्याचा आणि परक्या भाषा-संस्कृतीत करावयाच्या धर्मसेवेचा महाविद्यालयीन अभ्यास. पैनगंगेच्या दोन्ही काठांचा विचार करता या अभ्यासाचे प्रमुख केंद्र यवतमाळ होते. ते पुढे पुण्याला गेले. आदिलाबादच्या बाजूला तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि उर्दू या भाषा शेजारी-शेजारी बोलल्या जातात. म्हणून धर्मसेवकाची खरी परीक्षा येथे भाषेच्या अंगाने होते.

पूर्वपीठिका : बंगालमधील श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीरामपूर महाविद्यालय १८१८ चे. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून त्याला पदव्या देण्याची सनद मिळाली. भारतातील अनेक धर्मविद्यालये आजही त्याच्याशी संलग्न आहेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मविद्यालयात कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) अध्यापक होते. वारकरी भजन-कीर्तनाच्या वळणाने ख्रिस्तभक्ती मांडणाऱ्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. धर्मसेवा इथल्या मातीत कशी रुजावी, याचा मराठीतील सर्वांत मोलाचा धडा त्यांच्या आयुष्यात आहे. मिशन-अध्ययनाच्या वर्गात त्याला परदेशी सिद्धांतांच्या आधी स्थान हवे.

नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी गोंडांची गीते, शब्द व चालीरीती टिपून ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ही टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाच्या कथेची पद्यरूप संहिता आहे. गोंडांनी स्वतः जपलेली कथा कागदावर उतरली, ती अशा मेहनतीमुळे.

युनियन बिब्लिकल सेमिनरी : फ्री मेथडिस्ट मिशनच्या यवतमाळ येथील बायबल शाळेच्या पायावर ही संस्था १९५३ मध्ये उभी राहिली. इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही १९५१ ची संघटना तिच्या स्थापनेशी निगडित होती. अनेक पंथांनी मिळून चालविलेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला हलली. सफीर अत्याल हे तिचे एक प्राचार्य. बायबल, मंडळीचा इतिहास, धर्मांचा अभ्यास, पाळकीय सेवा व मिशनशास्त्र हे तेथील मुख्य विषय. ईशान्य भारतापासून केरळपर्यंतचे विद्यार्थी येत असल्याने शिक्षणाचे माध्यम इंग्रजी राहिले. त्यामुळे संस्था अखिल भारतीय झाली. पण गोंडी-कोलामीच्या प्रदेशापासून वर्ग दूर गेला, हे या स्थलांतराचे मोठे नुकसान होय.

आदिलाबाद : हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट व राजुरा हे मराठीबहुल तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. कॅथलिक कार्याचा विस्तार या सीमेला ओलांडून झाला. केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक पंथाच्या चांदा (आता चंद्रपूर) येथील क्षेत्राची स्थापना १९६२ ची. १९९९ मध्ये आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला व मंचेरियाल हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. केरळच्या धर्मगुरूंना येथे तेलुगू, मराठी आणि गोंडी यांचा व्यवहार नव्याने शिकावा लागतो.

भाषाशिक्षणाचा नमुना मात्र मिशनबाहेर घडला. १९४० मध्ये कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखालील गोंडांचा लढा जोडेघाट येथे चिरडला गेल्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांनी निजाम सरकारच्या वतीने १९४३ मध्ये मारलावाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. प्राथमिक पुस्तके गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत छापली गेली. मराठी येणारे गोंड तरुण शिक्षक झाले. मुलाला त्याच्या बोलीत शिकवावे आणि शिकवणारा त्याच्यातलाच असावा, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले.

स्त्रिया : केडगावच्या मुक्ती मिशनमधून पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वाद : धर्मांतर आणि आदिवासी परंपरा यांविषयी तीव्र मतभेद आहेत. भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ मध्ये मध्य प्रदेश सरकारला सादर केलेला अहवाल मिशनकार्यावर कठोर टीका करणारा होता. ख्रिस्ती संस्थांनी त्याच्या निष्कर्षांना आक्षेप घेतला. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशातच होते.

सद्यःस्थिती : ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले.