स्मृतीची नोंदवही

यंत्रात जितकी मेमरी बसवावी तितकी ती वापरता येते, असा समज रूढ आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, इतिहास पाहता तो आम्हांस अपुरा वाटतो.

1985 मध्ये इंटेलचा 80386 आला. त्याच्या 32 बिटांच्या पत्त्यांची धाव 4 जीबीपर्यंतच होती. याच प्रोसेसरसाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स लिहिले. पुढे स्थिरावलेल्या वाटणीत 3 जीबी पत्ते प्रोग्रॅमांना आणि 1 जीबी कर्नलला मिळाले. त्यांतून कर्नलला थेट हाताळता येई ती मेमरी केवळ 896 एमबी.

1995 मध्ये पेंटियम प्रोने 36 बिटांचे पत्ते देऊन 64 जीबीचे दार उघडले. 2001 च्या लिनक्स 2.4 ने वरची मेमरी गरजेपुरती जोडून घेण्याची सोय केली. परंतु 4 केबीच्या प्रत्येक पानाची नोंद कर्नलला ठेवावी लागते. नोंदीस 32 बाइट धरले, तरी 64 जीबीची नोंदवही 512 एमबी भरते; आणि तिची जागा त्या 896 मध्येच! यंत्र चालू असताना नवी मेमरी जोडण्याची सोय 2.6 मालिकेत आली, तेथेही आधी नोंदवही वाढवावी लागे.

2003 मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने 64 बिटांचा मार्ग दिला आणि कोंडी फुटली. तिचे मूळ त्या वाटणीत होते, असे आम्हांस वाटते. ती ठरली तेव्हा 1 जीबीचे यंत्रही विरळाच होते. म्हणून तिची किंमत दहा वर्षांनी कळली.