जिनिव्हाच्या महागाईचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या सेवेतील एक अधिकारी न्यूयॉर्कला आणि त्याच श्रेणीचा दुसरा नैरोबीला असेल, तर दोघांचे मूळ वेतन सारखेच असते. हातात पडणारी रक्कम मात्र वेगळी असते. हा फरक कोणा वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून नसून घरखर्चाच्या आणि बाजारभावांच्या सर्वेक्षणातून ठरतो. वेतनाच्या या घटकाला 'पोस्ट अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतात. मराठीत त्यास स्थान-समायोजन म्हणता येईल.

आपल्याकडील महागाई भत्त्याशी त्याची गल्लत होऊ शकते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो आणि तो काळाचा हिशेब करतो : पूर्वीच्या तुलनेत आज भाव किती चढले. स्थान-समायोजन प्रामुख्याने स्थळाचा हिशेब करते. न्यूयॉर्कमध्ये जे राहणीमान एका वेतनात परवडते, तेच अन्य शहरात राखायचे तर किती पैसे लागतील, हा त्यातील प्रश्न.

या व्यवस्थेचे मूळ राष्ट्रसंघाच्या काळात आहे. जॉर्ज नोबलमेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२१ मध्ये असे तत्त्व मांडले, की आंतरराष्ट्रीय नोकरीचे वेतन सर्वाधिक पगार देणाऱ्या देशाच्या नागरिकालाही आकर्षक वाटावे. संयुक्त राष्ट्रांनी ते तत्त्व स्वीकारले आणि तुलनेसाठी अमेरिकेची संघराज्य सेवा निवडली. तिच्या तुलनेत न्यूयॉर्कमधील आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांचे निव्वळ वेतन १० ते २० टक्क्यांनी अधिक असावे, अशी मर्यादा आमसभेने घालून दिली. या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी आमसभेने १९७४ मध्ये १५ सदस्यांचा आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग स्थापन केला.

प्रत्यक्ष गणित सोपे आहे. समायोजनाचा एक अंक म्हणजे निव्वळ मूळ वेतनाचा एक टक्का. समजा, मूळ वेतन महिना ५,००० डॉलर आणि त्या शहराचा गुणक ६० असेल, तर ३,००० डॉलर वाढीव मिळतील. विनिमय दर बदलला की गुणकही बदलतो, कारण मूळ वेतन डॉलरमध्ये आखलेले, तर भाजीपाला स्थानिक चलनात घ्यायचा असतो. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोशी असलेली फ्रँकची मर्यादा काढून टाकली आणि फ्रँक एका दिवसात झपाट्याने वधारला. अशा वेळी पगारातील समतोल राखण्याचे काम हा गुणक करतो.

अवघड भाग आहे तो गुणक काढण्याचा. आयोग मुख्यालयांच्या शहरांत साधारण पाच वर्षांनी पायाभूत सर्वेक्षण करतो. त्याची दोन अंगे असतात. पहिल्यात कर्मचारी आपल्या कुटुंबाचा खर्च प्रश्नावलीत भरतात : अन्न, घरभाडे, प्रवास, कपडे, औषधपाणी, करमणूक. यातून कोणत्या बाबीला किती भारांक द्यायचा ते ठरते. दुसऱ्यात ठरावीक वस्तू आणि सेवांच्या किमती ठरावीक दुकानांतून गोळा करून न्यूयॉर्कच्या किमतींशी ताडून पाहतात. कार्यस्थानाबाहेर होणारा खर्च वेगळा काढला जातो. मायदेशी पाठवलेले पैसे किंवा सुट्टीतील खर्च यांना त्या शहराच्या महागाईची झळ लागत नाही, हे त्यामागचे कारण. मुलांच्या शाळेची फी आणि धोक्याच्या वा गैरसोयीच्या ठिकाणची नेमणूक यांसाठी स्वतंत्र भत्ते असल्याने ते या हिशेबात धरत नाहीत.

येथे एक गंमत आहे. ज्यांचा पगार ठरायचा, तेच माहिती देणारे. शिवाय इतकी लांबलचक प्रश्नावली भरण्याचा कंटाळा करणारेही असतात, आणि प्रतिसाद अपुरा पडला की भारांकच डळमळीत होतात. म्हणून सर्वेक्षणाच्या तयारीत प्रशासन आणि कर्मचारी संघटना या दोघांनाही सामील करून घेतात. तरीही सांख्यिकीचे अनेक निर्णय उरतातच. तुलनेसाठी कोणत्या भागातील आणि कोणत्या प्रतीची घरे धरायची? जिनिव्हात काम करणारे पुष्कळ जण सीमेपलीकडे फ्रान्समध्ये राहतात, तेथील स्वस्त दुकानांत जातात. मग जिनिव्हाची महागाई मोजायची ती कोणाची?

या प्रश्नांतून मोठा वाद उद्भवला. २०१६ च्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष २०१७ मध्ये जाहीर झाला, तेव्हा जिनिव्हातील अधिकाऱ्यांच्या वेतनात सुमारे ७.७ टक्के कपात सुचवली गेली. विरोधानंतर ती सुमारे ५.२ टक्क्यांवर आली. कर्मचारी संघटनांनी सर्वेक्षणाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, आणि मार्च २०१८ मध्ये जिनिव्हात कामबंद आंदोलन झाले. पगारकपातीविरुद्ध रस्त्यावर येणारा संयुक्त राष्ट्रांचा अधिकारी हे दृश्य नित्याचे नाही.

प्रकरण दोन वेगळ्या न्यायासनांपुढे गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, जागतिक आरोग्य संघटना आदी संस्थांचे कर्मचारी कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागतात, तर संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचे कर्मचारी संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र न्यायाधिकरणांकडे. जुलै २०१९ मध्ये पहिल्या न्यायाधिकरणाने कपात रद्द केली. त्याच्या मते आयोगाच्या घटनेनुसार वेतन-समायोजनाची श्रेणी ठरवण्याचा अधिकार आमसभेचा. आयोगाने फक्त शिफारस करावयाची. भाड्यांची तुलना बरोबर की चूक, या वादात ते शिरले नाही. याउलट संयुक्त राष्ट्रांच्या अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२१ मध्ये आयोगाची बाजू मान्य केली.

परिणाम विचित्र झाला. एकाच शहरात, एकाच श्रेणीचे, कदाचित एकाच इमारतीत राहणारे दोन शेजारी. एकाचा गुणक कपातीचा, दुसऱ्याचा कपातीशिवायचा. ज्या व्यवस्थेचा हेतूच समान क्रयशक्ती, तिच्यातच काही काळ असा दुभंग राहिला. पुढे आमसभेने आयोगाच्या घटनेतील १० व ११ ही कलमे दुरुस्त करून गुणक ठरवण्याचा आयोगाचा अधिकार स्पष्ट केला.

हे सर्व नियम केवळ आंतरराष्ट्रीय भरतीच्या व्यावसायिक व वरिष्ठ श्रेणींना लागू आहेत. दिल्लीतील कार्यालयात स्थानिक पातळीवर नेमलेल्या भारतीय कारकुनाला किंवा वाहनचालकाला स्थान-समायोजन मिळत नाही. त्याचे वेतन, त्याच शहरातील चांगले पगार देणाऱ्या मालकांची पाहणी करून, निराळ्या सूत्राने ठरते.